मुरमांच्या मलमाने बाहुलीच्या पायावरची 35 वर्षांची शाई काढली

फोंड्यातल्या औषधाच्या दुकानातून बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल घेतलं. 5 टक्क्यांचं, 20 ग्रॅमची ट्यूब. दुकानदार जुन्या ओळखीचे. "कोणाला मुरुम आलेत गो बाय, लेकीला?" म्हणाले. मी म्हटलं, "बाहुलीला." त्यांनी ट्यूब हातातच धरून ठेवली आणि सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकून घेतली. शेवटी म्हणाले, "जमलं तर मला आणून दाखव." दाखवून आले आहे. आता इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत माळ्यावर अशा बाहुल्या पडून आहेत आणि त्या दुरुस्त करताना लोक नेमक्या नको त्या वस्तू विकत घेतात. मीही घेतल्या. त्यांचंही सांगते.

बाहुली माझी नाही, ताईची. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. काका कुवेतला नोकरीला होते. फेब्रुवारी 1990 मध्ये सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तिला बार्बी आणली. माशेलात आमच्या वाड्यावर तेव्हा कोणाकडे बार्बी नव्हती. काका परत गेले आणि 2 ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. त्या वेळी एक लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणलं, त्यांत काका होते. अम्मानमार्गे मुंबईला आणि तिथून घरी. हातात एक पिशवी, तीत दोन शर्ट आणि कागदपत्रं. बाकी अकरा वर्षांचा संसार तिथेच राहिला. फोटोसुद्धा. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या कुवेतच्या दिवसांतली वस्तू म्हणून घरात ही बाहुली तेवढी आहे. म्हणून मे महिन्यात कौलं परतण्यासाठी माळा रिकामा केला आणि खोक्यात ही सापडली, तेव्हा मी ती कचऱ्याच्या ढिगाकडे जाऊ दिली नाही.

तिची अवस्था अशी होती. मान एका बाजूला कलंडलेली. मानेच्या भोकाची कड उसवलेली आणि तिच्यावर कुणीतरी कधीकाळी लावलेल्या झटपट गोंदाचा पिवळा, काचेसारखा कडक थर. दोन्ही कानांभोवती हिरवट काळपट डाग. पाय चिकट, इतके की बोट लावलं तर सुटताना आवाज यायचा. एक पोटरी खोक्यातल्या थर्मोकोलला चिकटून त्यात खड्डा पाडून बसलेली. केसांना माळ्याचा कुबट वास आणि त्यांचा एक गठ्ठा. खालच्या ओठाचा रंग अर्धा गेलेला. आणि दोन्ही घोट्यांवर निळ्या बॉलपेनने काढलेले पैंजण.

पैंजण मी काढले होते. सात वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत भातुकलीत तिचं लग्न लावलं, आणि पायात काही नसलेली नवरी मला पाहवेना. ताई तेव्हा आतून आली, तिने पाहिलं, एक शब्द बोलली नाही आणि बाहुली घेऊन गेली. पुढे कधी खेळायला दिली नाही.

आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा आहे, आजोबांपासूनची. भाऊ माती घडवतो, मी डोळ्यांची आखणी करते. त्यामुळे रंग, कुंचला, भेग बुजवणं ही कामं माझ्या हातातली आहेत, आणि त्याच भरवशावर मला वाटलं की एवढीशी बाहुली म्हणजे दोन दिवसांचं काम. पण मातीचं शास्त्र व्हिनाइलला लागू पडत नाही, हे मला पैसे घालवून कळलं. माती रंग पिते आणि धरून ठेवते. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक असतं. मऊ यावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात. हे द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पाय चिकट होतात ते त्यामुळेच. वरून लावलेला रंग सुटतो तोही त्यामुळेच, आणि थर्मोकोल विरघळतो तोही त्यामुळेच.

पहिल्यांदा मी ऑनलाइन एक किट मागवलं, 'बाहुली दुरुस्ती संच' असं नाव असलेलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. 1,349 रुपये. आत झटपट गोंदाच्या दोन नळ्या, तीन इनॅमल रंगांच्या बाटल्या, चकचकीत लॅकरचा छोटा स्प्रे, दोन नंबरांचा पॉलिश पेपर, पांढरा मेलामाइन स्पंज आणि एक कुंचला. तो कुंचला घेऊन तर कुंपणसुद्धा रंगवू नये. सुदैवाने मी थेट ताईच्या बाहुलीला हात लावला नाही. लेकीची एक साधी बाहुली होती, एक हात तुटलेला, ती प्रयोगाला घेतली. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांना माझी पहिली विनंती हीच: अशी एखादी टाकाऊ बाहुली आधी शोधा.

प्रयोगाच्या बाहुलीच्या चेहऱ्यावर इनॅमल लावून तीन आठवडे ठेवलं. बोटाला चिकटत राहिलं. व्हिनाइलवर इनॅमल कधी नीट सुकतच नाही, कारण खालचं प्लास्टिसायझर त्यात शिरत राहतं. स्प्रेची तीच गत, आणि शिवाय मी तो जूनमध्ये मारला. बाहेर पाऊस धो धो, हवेत पाणी भरलेलं; मारल्यावर पाच मिनिटांत गालांवर पांढरट साय धरल्यासारखं झालं. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण मूर्तीवर रोगण मारतानाही दमट हवेत असंच होतं आणि आम्ही खोलीत बल्ब लावून हवा कोरडी करून घेतो. पॉलिश पेपरने मऊ व्हिनाइल घासलं तर ते गुळगुळीत होत नाही, फक्त ओरखडतं आणि त्या ओरखड्यांत मळ बसतो. किटातली एकच वस्तू उपयोगी पडली, मेलामाइन स्पंज. पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला तर वरचा काळा मळ झकास निघतो. तो मात्र फक्त हातापायांना. चेहऱ्याला लावला तर डोळ्यांचा रंग मळाबरोबर निघून जाईल, कारण तोही शेवटी फार बारीक दाण्याचा घासणीचाच प्रकार आहे. एवढ्या एका स्पंजसाठी 1,349 रुपये द्यायची गरज नाही, तो किराणा दुकानात सुटा मिळतो. किट परत घ्या म्हणून मी दोनदा लिहिलं. पाकीट उघडलेलं आहे, एवढंच उत्तर आलं.

आता मूळ विषय, जेल.

बॉलपेनची शाई तेलकट असते आणि व्हिनाइलमध्येही तेलकट द्रव्य असतं. त्यामुळे शाई वर बसून राहत नाही, आत उतरते. साबण, टूथपेस्ट, लिंबू, नेलपॉलिश काढायचं पाणी, सगळ्यांचे सल्ले मला मिळाले. साबणाने काही होत नाही. नेलपॉलिशच्या पाण्यात बहुतेकदा अ‍ॅसिटोन असतं. त्याने शाई पसरते, व्हिनाइलची वरची कातडी मऊ होऊन चमकायला लागते, आणि बार्बीच्या धडासारख्या कडक प्लास्टिकवर थेंब पडला तर ते प्लास्टिक विरघळायलाच लागतं. ही बाटली या कामाच्या आसपास ठेवूच नका.

बेन्झॉइल पेरॉक्साइड वेगळ्या तऱ्हेने काम करतं. मुरमांच्या मलमात ते जंतू मारायला घालतात, पण ते रंगही खातं. ट्यूबवरच लिहिलेलं असतं की केसांना आणि रंगीत कपड्यांना लागू देऊ नका. माझ्या जांभळ्या ओढणीवर आता तीन पांढरे ठिपके आहेत, तेव्हा ही सूचना अक्षरशः खरी आहे. हे औषध शाईला बाहेर ओढून काढत नाही. आत शिरून शाईचे रंगकण मोडतं, आणि शाई जागच्या जागी बिनरंगी होते. म्हणून घासायचं नसतं. लावायचं आणि थांबायचं. परदेशातले बाहुल्या जमवणारे लोक हे कित्येक वर्षांपासून करत आले आहेत. ते 10 टक्क्यांचं वापरतात. मला 5 टक्क्यांचं मिळालं आणि ते पुरलं. फक्त दिवस जास्त लागले, आणि जास्त दिवस लागणं या कामात चांगलंच.

त्याला ऊन लागतं. इथे माझी पहिली फेरी फसली. जूनच्या शेवटी मी उजव्या घोट्यावर जेल लावलं, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळली आणि खिडकीत ठेवलं. दहा दिवस. ढगांतून जो काही उजेड येई त्यात निळ्याचं जरा फिकट निळं झालं आणि तिथेच थांबलं. मग चवथीचं काम सुरू झालं. आमच्याकडे दीड महिना जेवायला फुरसत नसते. बाहुली मी सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

दसरा झाला, ऊन कडक पडायला लागलं, तेव्हा परत काढली. आमचं घर जुन्या धाटणीचं, मधोमध राजांगण आहे. तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर सकाळी साडेनऊपासून दोनपर्यंत ऊन असतं. मी केलं ते असं: पाय कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन पुसले. आमच्या आखणीच्या जुन्या कुंचल्याने शाईच्या रेघेवर, फक्त रेघेवर, जेलचा दाट थर दिला. वर फिल्म, नाहीतर जेल तासाभरात सुकून पापुद्रा होतं आणि सुकलं की काम थांबतं. बाकी सगळी बाहुली अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळली, म्हणजे ऊन फक्त घोट्यांना. कापडाच्या कपड्यांवर जेल गळू नये म्हणून कपडे आधीच काढून ठेवले. रोज संध्याकाळी फिल्म सोडून धुवायचं, पुसायचं, निरखायचं, दुसऱ्या दिवशी नवा थर. उजव्या पायाला नऊ दिवस लागले, डाव्याला तेरा. डाव्यावर मी लहानपणी पेन दाबून दोनदा गिरवलं होतं.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी घुंगरांचे ठिपके गेले आणि नुसती रेघ राहिली. तिथून रोज थोडी थोडी. आखणीच्या कामामुळे मला रंगातला बारीक फरक लगेच दिसतो, तरीही रोज फोटो काढत होते, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला काही हलतंय असं वाटतच नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो नीट समजून घ्यावा. हे जेल शाई आणि व्हिनाइल यांच्यात भेद करत नाही. शाई संपली की ते बाहुलीच्या अंगाच्या रंगाला लागतं. प्रयोगाच्या बाहुलीवर मी मुद्दाम पाच दिवस न बघता ठेवलं, तिथे बोटाएवढा पांढराफटक चट्टा पडला आणि तो आता जाणार नाही. म्हणून डाग पूर्ण जायची वाट पाहू नका. हातभर अंतरावरून दिसेनासा झाला की थांबा. ताईच्या बाहुलीच्या डाव्या घोट्यावर उजेडात तिरकं धरलं तर आजही एक राखी सावली दिसते. ती मी तशीच ठेवली. आणि चेहऱ्याजवळ कुठे डाग असेल तर डोळे-ओठांच्या रंगावर जेलचा कणही जाता कामा नये. तो रंग शाईच्याही आधी जाईल.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी वृंदावन रंगवायचं, सजवायचं होतं. त्या दिवशी काकीने बाहुली उचलून स्वतः बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, उन्हाला ठेवली, फॉइलसकट. तोवर तिने या कामात लक्ष घातलं नव्हतं. "शाई गेली गो खरंच," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ ते पाय हातात धरून बसली.

कानांची गोष्ट वेगळी. जुन्या बार्बींच्या कानातले टाचणीसारखे टोचलेले असतात. त्या धातूत तांबं असेल तर वर्षांनुवर्षं त्याची व्हिनाइलमधल्या द्रव्याशी क्रिया होत राहते आणि कानाभोवती हिरवा डाग पसरतो. आमच्या हवेत तर ते व्हायचंच. 35 वर्षांत कुणी कानातले काढून ठेवले नाहीत, चूक म्हणायची तर एवढीच. हे जेल तिथे थोडंच चालतं. बावीस दिवसांनंतर उजव्या कानाचा काळपटपणा गेला, हिरवी झाक राहिली. डाव्यात फरक कमी आहे. अशा डागातला हिरवा रंग पुन्हा वर येऊ शकतो, कारण तांब्याचा अंश आत मुरलेला असतो. तेव्हा कोणी म्हणालं की या मलमाने कानाचा हिरवा डाग शंभर टक्के जातो, तर विश्वास ठेवू नका. मात्र जुनी बाहुली घरात असेल तर ही ओळ वाचून झाल्यावर लगेच तिचे कानातले काढा. वेगळ्या पुडीत ठेवा, फेकू नका.

मानेचं काम मला सगळ्यात कठीण गेलं. डोकं काढायचं तर आधी ते मऊ करावं लागतं, कारण मानेच्या टोकाला आत अडकणारी गाठ असते आणि थंड व्हिनाइल ओढलं की फाटतं. त्या काळी आम्ही पोरींनी ओढलं म्हणूनच कड उसवली. हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात डोकं तीन-चार मिनिटं धरलं, मग सावकाश, हलवत हलवत वर काढलं. आतल्या कडेवर 1976 असं कोरलेलं सापडलं, आणि पाठीवर 1966. पाहून भाऊ म्हणाला, "मग ही साठ वर्षांची आहे!" तसं नाही. ते साचा नोंदवल्याचं साल असतं, बाहुली बनवल्याचं नव्हे. तेच धड आणि तोच चेहरा मॅटेल कंपनीने पुढे कितीतरी वर्षं वापरला. पाठीवरचं 1966 वाचून लोक जुनी म्हणून जास्त पैसे मागतात आणि देतातही, म्हणून हे सांगितलं.

जुना झटपट गोंद कडक झालेला होता. व्हिनाइल वाकतं, गोंद वाकत नाही. मग जोडाच्या अगदी शेजारी नवी भेग पडते. आमची कड तीन ठिकाणी अशीच फाटली होती. दोन वड्या मळून लावायचं इपॉक्सी घरात होतं, मूर्तीच्या पाटांना वापरतो ते. तेही इथे नको: दगडासारखं होतं आणि मऊ व्हिनाइलला धरतही नाही, खपलीसारखं सुटतं. जुना थर मी गरम पाण्यात डोकं पुन्हा पुन्हा मऊ करून, माती कोरायच्या पातळ कोरणीने, खपली काढावी तसा काढला. तीन संध्याकाळी गेल्या त्यात.

जोडायला वापरला व्हिनाइलचाच लवचीक गोंद, हवेचे टब आणि रेनकोट दुरुस्त करायला मिळतो तो. छोटी नळी, 90 रुपये, म्हापशाच्या बाजारात मिळाली. हा गोंद दोन्ही बाजूंचं व्हिनाइल किंचित विरघळवून एकजीव करतो आणि सुकल्यावरही वाकतो. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घेतला. भेगेच्या कडा जुळवून आतल्या बाजूने मऊ पारदर्शक पीव्हीसी शीटची नखाएवढी पट्टी चिकटवली, वरून काहीही नाही. एक दिवस आणि एक रात्र तसंच ठेवलं. वास उग्र असतो, खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत आणि लहान मुलं तिथे नकोत. बाहेरच्या बाजूला थेंब सांडला तर डाग कायमचा, म्हणून हात स्थिर नसेल त्यांनी घाई करू नये. आज डोकं सरळ आहे, फिरतं, आणि कड दिसत नाही. या 90 रुपयांच्या नळीला मी जेलइतकेच गुण देईन.

चिकट पायांना कायमचा उपाय नाही. द्रव्य झिरपत राहणार. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, कोरडं करून वर कॉर्नफ्लोअर चोळून रात्रभर ठेवणं आणि सकाळी मऊ ब्रशने झाडणं, हे तीन वेळा केलं. आता हाताला चिकटत नाही. पावसाळ्यानंतर परत करावं लागेल असं दिसतं. पण खोकं बदलणं त्याहून महत्त्वाचं होतं. मऊ व्हिनाइल थर्मोकोलला टेकून ठेवू नका, ते थर्मोकोल खातं. रबरबँड नको, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. धुतलेलं, खळ काढलेलं पांढरं सुती कापड बरं.

केसांचं काम मात्र आनंदाचं झालं. बाहुल्यांचे केस सरान, नायलॉन किंवा कानेकालोन अशा धाग्यांचे असतात. सरान गरम पाणी सोसतं, कानेकालोन उकळत्या पाण्यात आकसून कायमचं चुरगळतं. म्हणून मानेजवळचा एकच केस कापून आधी कपभर गरम पाण्यात टाकून पाहिला. सरळ राहिला. मग शाम्पू, नंतर कपड्यांना लावतात ते सॉफ्टनर पाण्यात घालून अर्धा तास, आणि रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर. गठ्ठा सुटायला दोन तास लागले. डोकं धडापासून सुटं होतं म्हणून आतलं पाणीही उपडं करून काढता आलं. तसं नसेल तर आत ओल राहून बुरशी धरते.

राहिला ओठ. माझा हात तिथे शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू. रोज शेकडो डोळे-ओठ रंगवणारी मी. मूर्तीला दरवर्षी नवा रंग शोभतो. या चेहऱ्यावरचा रंग मात्र काकांनी दुकानात निवडून घेतलेला होता, तो पुसून माझा घालायला मन होईना. शेवटी फक्त गेलेल्या जागी, दोन केसांच्या कुंचल्याने अ‍ॅक्रिलिकचा एक थर दिला. वर स्प्रे नाही, रोगण नाही. अ‍ॅक्रिलिक व्हिनाइलला घट्ट धरत नाही, नखाने निघतं. मला तेच हवं होतं. ताईला नको वाटलं तर ती काढून टाकू शकेल आणि खालचा मूळ ओठ जसा होता तसा मिळेल. जुना गुलाबी जुळवायला पाच वेळा रंग मिसळावा लागला, कारण 35 वर्षांत तो गुलाबी पिवळसर झालेला आहे. थोडा गेरू टाकल्यावर जमला.

एकूण खर्च, किट सोडून: जेलची दीड ट्यूब, गोंद, फिल्म, फॉइल, कॉर्नफ्लोअर, सॉफ्टनरचं पाकीट मिळून 520 रुपये. किटच्या निम्म्याहूनही कमी. हेच काम परत करायचं झालं तर फक्त ऋतू बदलीन: डाग काढायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेचं ऊन नको, त्यात व्हिनाइलच मऊ पडून पाय वाकडे होतील. पावसात फक्त धुणं आणि केस.

उजव्या पायाचं पैंजण गेलं तेव्हा मी ताईला पुण्याला व्हिडिओ कॉल केला होता. मनात असं होतं की डाव्या पायाचं राहू द्यावं. आता इतक्या वर्षांनी तिलाही ते हवंसं वाटेल. तिने कॅमेऱ्याजवळ डोळे आणून दोन्ही पाय पाहिले.

"दुसरं पण काढ गो," म्हणाली. "बाबांनी आणली तेव्हा पाय कसे होते ते मला आठवतंय."

म्हणून डाव्या पायाला तेरा दिवस दिले. ती शिमग्याला येणार आहे. तोवर डाव्या कानाची अजून एक फेरी होईल; ट्यूब अर्धी उरली आहे.